डॉक्टर रुबी सेन

भाईंदर (पश्चिम),
६ जून १९९६

ती. वन्संना,

सुचेताचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे मनातल्या मनात. टाके निघून महिना झाला तरी वाकलं की डावी काख अजून ओढते.

ऑपरेशन नीट झालं, गाठ काढली, हे तुमच्या भावाने कळवलंच आहे. सोमवारपासून आता पुढचं सुरू झालं. दर तीन आठवड्यांनी एक असे सहा डोस शिरेतून घ्यायचे. बरोबर आणखी एक पांढरं औषध असतं, पण मान सगळा लाल बाटलीचा. तिचं नाव डॉक्सोरुबिसिन. ह्यांनी ते जिन्यात असं काही उच्चारलं की तळमजल्यावरच्या रोशनभाभींना वाटलं, डॉक्टर रुबी सेन म्हणून कुणी बंगाली बाई मला तपासतात. “लेडी डॉक्टर है, अच्छा है,” म्हणाल्या. मीही दुरुस्त केलं नाही. बिल्डिंगमध्ये एवढंच माहीत असलेलं बरं.

औषध दिसायला अगदी गुलाबाचं सरबत. सिस्टरने आधी सलाईन लावलं आणि मोठ्या सिरिंजमधून ते लाल लाल हळूहळू आत सोडलं. हे बाहेर बाकावर. सुई दिसली की ह्यांना घाम फुटतो, तुम्हाला माहीतच आहे.

खरी गंमत घरी आल्यावर. संध्याकाळी बाथरूममध्ये गेले आणि किंचाळलेच. लघवी लाल! हे दाराबाहेरून “काय झालं, काय झालं?” मी सांगितलं, तसे एका पायात माझी, एका पायात स्वतःची चप्पल घालून नाक्यावरच्या डॉक्टरांकडे धावले. डॉक्टर लग्नाला डोंगरीला गेलेले. कंपाउंडर म्हणाला, “बीट खाल्लं असेल वहिनींनी.” हे त्याच्याशी भांडून परत आले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रंग आपोआप गेला. हॉस्पिटलात सांगितलंही असेल कुणी, पण त्या दिवशी माझ्या कानांत काही शिरत नव्हतं.

एक बारीकशी गोष्ट. औषध जाताना उजव्या मनगटाच्या वर चुरचुरलं. सिस्टर बिचारी चौघींमध्ये एकटी धावत होती, म्हटलं उगाच कशाला हाक मारायची. आता तिथे रुपयाएवढं लाल झालंय. टायपिंगचा हात, म्हणून मनात येतं इतकंच. आमचे सॉलिसिटर साहेब रोज निरोप पाठवतात, की माझ्या जागेवरची मुलगी ‘प्रतिवादी’चा ‘प्रतिवाद’ करते.

तुम्ही नर्स म्हणून एवढी वर्षं वॉर्डात काढलीत. आम्हा अडाण्यांना चार शब्द लिहा.

तुमची
सुचेता

*

चिपळूण,
१० जून १९९६

चि. सौ. सुचेता,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी हाताचं. हे पत्र मिळेल तेव्हा असशील तशी हॉस्पिटलात जा आणि तो रुपया दाखव. पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. हे औषध शिरेत असतं तोवर शहाणं. शिरेबाहेर थोडंसं जरी गेलं तरी आतलं मांस जाळतं, आणि ते दिसायला कधी कधी दिवस जातात. म्हणून सुई हातात असताना चुरचुरलं, आग झाली, फुगलं की त्या क्षणी ओरडायचं. “अहो सिस्टर, जरा येता का” असं नव्हे. आपल्या बाबाजीच्या लग्नात वाढप्याने तुझ्या पानात जिलबी वाढली नाही तेव्हा जो आवाज काढला होतास, तो. सिस्टर चिडणार नाही. चिडली तर मला कळव.

आता लाल लघवी. वाचून मी एवढी हसले की शेजारची मंदा भिंतीवर थापा मारायला लागली. अगं, तो त्या सरबताचा रंग. एखाद-दोन दिवस राहतो आणि जातो. त्यापुढेही राहिला तर मात्र सांगायचं. तुझ्या नवऱ्याला, आमच्या आत्म्याला म्हणावं, औषधानंतरचे दोन दिवस तुझी उलटीची बादली धुताना रबरी हातमोजे घाल आणि संडासात दोनदा पाणी टाक. टँकरचं पाणी म्हणून कुरकुरेल. कुरकुरू दे.

केस जाणार. दुसरा-तिसरा आठवडा. तू त्या वेणीवरून आमच्या घरात पसंत झालीस, तेव्हा तुला लागणार हे मला ठाऊक आहे. पण ते परत येतात, कधी कधी आधीपेक्षा दाट. कुणी चूर्ण, काढा, गव्हांकुराचा रस घेऊन आलं तर भांडं ठेवून घे, रस ओत. घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून.

आता कान इकडे कर. औषधानंतर आठ-दहा दिवसांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. अंगात लढायला कुणी नसतं. तेव्हा ताप शंभरच्या वर गेला तर सरळ हॉस्पिटल, आणि तिथे पहिलं वाक्य, “माझी कीमो चालू आहे.” सकाळी बघू, नाक्यावरच्या डॉक्टरांना विचारू, असलं काही नाही. घरात थर्मामीटर नसेल तर आज आण.

आता आशीर्वाद. पुष्कळ.

शालूताई

*

भाईंदर,
३ जुलै १९९६

ती. वन्संना,

सा. न.

हाताचं त्याच दिवशी दाखवलं. औषध बाहेर गेलेलं नाही, शीर चिडली आहे, असं डॉक्टर म्हणाले. वर म्हणाले, “आलात हे उत्तम केलंत.” दुसऱ्या डोसला चुरचुरलं तेव्हा मी तुमच्या आज्ञेप्रमाणे जिलबीचा आवाज काढला. सिस्टरने हात बघितला, सुई बदलली आणि म्हणाली, “आजी, एवढं ऐकू येतं मला.” आजी! सत्तेचाळिसाव्या वर्षी!

आजी म्हणण्याचं कारण डोकं. केस गेले. उशीवर, ताटात, टॉवेलवर. शेवटी मीच ह्यांना कात्री दिली. कापून झाल्यावर मी आरशात पाहिलं आणि म्हटलं, “अगदी तुमचे बाबा दिसते.” खरंच, वन्सं. फक्त मिशा नाहीत.

तर तुमच्या भावाने मला न सांगता टोप आणला. कुठून? नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याकडून! डोक्यावर भलामोठा अंबाडा, त्यात शिवलेला मोगऱ्याचा गजरा, कानांवर दोन बटा. मी तो घालून दार उघडलं, तर समोर रोशनभाभी. त्या म्हणाल्या, “शादी किसकी है?” हे म्हणतात, ऑफिसात घालून जा, वजनदार दिसशील. मी डोक्याला सुती स्कार्फ बांधते आणि टोप कपाटावर बसलाय, आल्यागेल्याकडे बघत.

तोंड आलंय, तिखट चालत नाही. मिठाच्या पाण्याने चुळा भरते. बाकी छान. परवा टँकर आला तेव्हा हे ऑफिसात होते, म्हणून दोन कळशा मीच वर आणल्या. उजव्या हाताने, रागावू नका. त्याने असेल, कालपासून जराशी कणकण आहे. क्रोसिन घेतली की उतरते. सुंठ घालून चहा घेते झालं.

तुम्ही येत का नाही? रात्रीच्या एसटीत बसलात की सकाळी इथे. सगळ्यांच्या सुनांची पोटदुखी बघायला गुहागरपर्यंत जाता म्हणे.

तुमची
सुचेता

*

भाईंदर,
९ जुलै १९९६

ती. शालूताईस,

साष्टांग नमस्कार.

विषय : सौ. सुचेता हिच्या प्रकृतीबाबत.
संदर्भ : तुझा शनिवारचा रोशनभाभींकडे आलेला फोन.

शनिवारी दुपारी मी जेवायला बसलो होतो. रोशनभाभी धावत वर आल्या. म्हणाल्या, “आपकी दीदी फोन पे चिल्ला रही है, बोली चाय मत पिलाओ, हॉस्पिटल ले जाओ.” सुचेता पांघरूण घेऊन पडली होती आणि “काही नाही हो, जरा डोळा लागला होता” असं म्हणाली. भाभींनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, “ये तो तवा है.” थर्मामीटर लावला. एकशे दोनच्या वर होता.

भाभींच्या दिरांची फियाट होती, ती मिळाली. हॉस्पिटलात मी तू सांगितलेलं वाक्य प्रथम बोललो. त्यांनी नाव विचारण्याआधी तिला आत घेतलं. रक्तात पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. ताबडतोब शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. डॉक्टर मला म्हणाले, “कालच आणायला हवं होतं. उद्या आणलं असतं तर मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो.” याचा अर्थ मी विचारला नाही.

रविवारी ती मला ओळखत नव्हती, मी तिचा बॉस आहे असं समजून “उद्या टाईप करून देते” असं म्हणत होती. सोमवारी दुपारपासून ताप उतरू लागला. आज सकाळी अठ्ठ्याण्णव आहे. तिने अर्धी वाटी पेज घेतली.

ती आत असताना मी बाहेर बसलो नाही. सुई लावली तेव्हाही आतच होतो.

मी तिला रोज विचारत होतो, ताप आहे का. ती रोज नाही म्हणत होती. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, माहितीसाठी.

ताई, तू फोन केलास.

तुझा
आत्माराम

*

भाईंदर,
२१ जुलै १९९६

ती. वन्संना,

नमस्कार. घरी आले. अशक्त आहे, पण तुमच्याशी भांडण्याइतपत जीव आहे.

ह्यांनी तुम्हाला पत्र लिहिलं आणि त्यात ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ घातला, असं कळलं. नवल वाटून घेऊ नका. साखरपुड्यानंतर मला आलेलं एकुलतं एक पत्र तसंच होतं. “विषय : रविवारी भेटण्याबाबत.” मी गेले, तर हे वेळेआधी येऊन उभे आणि बोलायला विषयच नाही.

तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगते. ताप मी लपवला. थर्मामीटर उशीखाली होता. सांगितलं की डोस पुढे ढकलणार, आणि मला दिवाळीच्या आत सगळे संपवायचे होते. क्रोसिनने उतरत होता, म्हणून मीच मला पटवत होते की हा तसला ताप नव्हे. आता गेल्या सोमवारचा डोस उद्यावर गेला होता, तोही आणखी आठवडाभर पुढे गेलाच आहे. शिवाय डॉक्टरांनी मात्रा थोडी कमी केली. विचारलं तर म्हणाले, “डोस एक आठवडा थांबू शकतो बाई, जीव थांबत नाही.” लपवून मिळवलं काय, तर सलाईनच्या सहा जागा.

हे नुसते रोज सकाळी थर्मामीटर घेऊन उभे राहतात आणि मी तोंडात धरला की घड्याळाकडे बघत बसतात. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

आणि आता माझा प्रश्न. तुम्ही त्या शनिवारी फोनवर ओरडलात, पण आला नाहीत. त्यानंतरही आला नाहीत. मला वाटतं, तुम्हाला माझं डोकं बघवणार नाही. तसं असेल तर तो टोप आहे. तुमच्यासाठी घालीन.

सुचेता

*

चिपळूण,
२७ जुलै १९९६

चि. सौ. सुचेता,

मूर्ख मुली, आशीर्वाद.

क्रोसिन ताप बरा करत नाही, झाकतो. पातेल्यावर झाकण ठेवलं म्हणून दूध उतू जायचं थांबत नाही. तुझ्या पत्रात ‘कणकण’ वाचलं आणि तारीख बघितली, तर पत्र तीन दिवसांपूर्वीचं. सुचेता, मी चप्पल न घालता एसटीडी बूथवर गेले. बूथवाला नाथा म्हणतो, सिस्टरबाई, तुम्ही तिसऱ्यांदा चुकीचा नंबर लावलात, द्या, मी लावतो. एवढ्या वर्षांत मला अशी अनवाणी कुणी पाहिली नव्हती. आता तो चिपळूणभर सांगतोय.

तुझ्या डोक्याचं म्हणशील, तर मी याहून भयंकर डोकी पाहिलीत, केसांसकट. कारण ते नाही. खोटं लिहीत नाही, लिहायचंच तर खरं लिहिते.

आमच्या वॉर्डात तुझ्यासारख्या बायका यायच्या. फार उशिरा यायच्या. गाठ पदराखाली वर्षभर झाकून. कुणाला लाल औषध मिळालंच तर ते मुंबईहून, तेही शेवटी, कुणीतरी हट्ट केला म्हणून. त्यातली एकही मी केस परत आलेली पाहिलेली नाही. केस परत येतात असं मी तुला लिहिलं, ते पुस्तकात वाचलेलं आणि मुंबईच्या सिस्टरांकडून ऐकलेलं. औषध कसं देतात, काय जपायचं, ते मला सगळं माहीत आहे. माणूस त्यातून पार होऊन घरी जातो, ते मी बघितलेलं नाही. तुझ्याकडे आले आणि त्याच नजरेने तुझ्याकडे बघितलं, आणि तुला ते दिसलं, तर? तुला सगळं दिसतं. म्हणून येत नव्हते.

डॉक्टरांनी मात्रा कमी केली ते बरोबर. अजून एक. हे औषध हृदयालाही थकवतं. आयुष्यात किती घ्यायचं याला मर्यादा असते, ती डॉक्टर मोजतात. पण दम लागणं, पाय सुजणं, छातीत धडधडणं हे त्यांना दुरून दिसत नाही, ते तू सांगायचं. या वेळी पहिल्या दिवशी. आत्म्याला आधी, मग डॉक्टरांना, मग मला.

शेवटच्या डोसला येते. टोप घालू नकोस. मला हसू आवरणार नाही.

शालूताई

*

भाईंदर,
७ सप्टेंबर १९९६

ती. वन्संना,

नमस्कार. तुमचं पत्र पुष्कळदा वाचलं. उत्तराला उशीर झाला. या, एवढंच लिहिते. मी पार होईन की नाही ते मलाही माहीत नाही, पण तुम्ही कशीही नजर घेऊन या. मी ओळखीन आणि दुर्लक्ष करीन.

आता बातमी. मंगळवारी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर दम लागला. नाखवांच्या दारातल्या स्टुलावर बसले. पूर्वी मी म्हटलं असतं, पावसाने हवा जड आहे. पण घरात पाऊल टाकलं आणि ह्यांना म्हटलं, “ऐका, मला दम लागला.” हे इतके खूश झाले! दम लागल्याबद्दल नाही, सांगितल्याबद्दल. लगेच स्कूटरवाल्या जितेंद्रला हाक मारून मोकळे.

हॉस्पिटलात हृदयाचा फोटो काढला, तो टीव्हीसारखा हलतो. हृदय ठणठणीत निघालं. मी डॉक्टरांना म्हटलं, पंचवीस वर्षं ह्यांच्याबरोबर काढलीत, ठणठणीत असणारच. दोष रक्ताचा होता. हिमोग्लोबिन सात. एक बाटली रक्त चढवायचं ठरलं आणि रक्तपेढीत तेवढंच कुणीतरी द्यायचं.

वन्सं, तुमच्या भावाने दिलं. मी म्हटलं, जितेंद्र देईल, तुम्ही बसा. हे बाही वर करत आत गेले. तिथल्या मुलीने मला नंतर सांगितलं, “काकांनी डोळे गच्च मिटले होते. बाटली भरली, सुई काढली, कापूस लावला, तरी मिटलेलेच. मग विचारलं, सुरू केव्हा करणार?” बाहेर आले ते हातात बिस्किटं घेऊन. अर्धी मला दिली.

सोमवारी पाचवा. नखं काळी पडलीत, पोह्यांना लोखंडाची चव लागते, दुपारी झोप अशी येते की टायपिंगचा आवाज स्वप्नात येतो. पण एकच उरेल त्यानंतर.

तुमची
सुचेता

*

चिपळूण,
१४ ऑक्टोबर १९९६

चि. सौ. सुचेता,

आशीर्वाद. सुखरूप पोचले. रोशनभाभींनी वाटेला म्हणून दिलेले ठेपले महाडपर्यंत संपले, त्यांना सांग.

तुझ्या घरी मी आठ दिवस होते आणि तुला फारसं काही बोलले नाही, याचं तुला आश्चर्य वाटलं असेल. नणंद येऊन जाते आणि भावजयीच्या स्वयंपाकाला नावं ठेवत नाही, म्हणजे तब्येत बिघडली असणार. तसं नाही. डॉक्टरांशी मी बोलले. तीन महिन्यांनी तपासायचं, मग पुन्हा तीन महिन्यांनी. त्याहून जास्त त्यांनी काही कबूल केलं नाही आणि मीही विचारलं नाही. खोटं कबूल करणारा डॉक्टर मला आवडत नाही.

पण एक राहून गेलं. शेवटच्या डोसानंतरचा तो गुरुवार. सकाळी मी पोहे करत होते. तू गॅलरीत पाटावर बसली होतीस, मिठागरांकडे तोंड करून. आत्मा तुझ्यामागे उभा होता, हातात तेलाची वाटी. खोबरेल गरम केलेलं, वास आला मला. म्हटलं, बघावं काय चाललंय, म्हणून मी दाराशी आले.

तो तुझ्या डोक्याला तेल लावत होता. गुळगुळीत डोकं, सूर्य चमकत होता त्यावर. त्याने आधी मधोमध बोट फिरवलं, भांग पाडतात तसं. मग एका बाजूला तेल चोळलं, मग दुसऱ्या बाजूला. कानामागे. मानेवर. तुझे डोळे मिटलेले. मग हा माझा भाऊ, ज्याला लग्नाआधी रविवारी भेटायला विषय सापडत नव्हता, तो तुला म्हणाला, “वेणी घालू?”

आणि तू म्हणालीस, “घाला. पण घट्ट नको.”

मी आत गेले आणि पोह्यांत दुसऱ्यांदा मीठ घातलं. तुम्ही दोघांनी ते खारट पोहे निमूट खाल्लेत. म्हणून आता सांगितलं.

शालूताई